थोरलीचं शून्य

धाकटी जाऊ घरात असणं वेगळं आणि तीच कामावर शेजारच्या टेबलाशी असणं वेगळं. घरच्या कटकटीपासून सुटका म्हणून बायका कामावर जातात. थोरलीनं मात्र आपल्या हातानं जावेला कामावर आणून बसवलं होतं. "जाईन तिथं जाऊ," असं ती सुरुवातीला हसत हसत म्हणायची. आताही म्हणायची, पण हसायची नाही.

आणली कशी, तेही सांगायला हवं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा रसायनशास्त्रातली मोठी पदवी घेऊन घरी बसली होती. सासूबाई उठता-बसता थोरलीला म्हणायच्या, "अगं, एवढी शिकलेली पोर, तुझ्या तिथं चिकटव की कुठंतरी." थोरली तिच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या नंबरची. पहिला नंबर सरांचा, आणि सरांना स्वतःचा चष्मा शोधायलाही थोरलीच लागायची. तिनं शब्द टाकला आणि धाकटीला जागा मिळाली. हाताखाली घरचं माणूस असलं की काचेची भांडी तरी नीट धुतली जातील, असा थोरलीचा हिशेब होता. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण इतक्या हौसेनं कुणी पाडून घेतला नसेल.

तिथलं काम एकच, पट्टी. बोटाच्या पेराएवढी लांब, टोकाला मसुराच्या दाण्याएवढा सोन्याचा ठिपका. छातीत गाठ धरायला लागली की हाताला लागायच्या कितीतरी आधी एक प्रथिन रक्तात वाढायला लागतं. त्या प्रथिनाला ओळखून घट्ट धरून ठेवणारे रेणू त्या ठिपक्यावर चिकटवलेले असतात. रक्ताच्या निवळीचा थेंब ठिपक्यावर सोडायचा, जरा थांबायचं, धुवायचं आणि पट्टी यंत्राला जोडून तिच्यातून वीज सोडायची. पडद्यावर रेघ उमटते. प्रथिन नसेल तर रेघ सपाट, असेल तर मध्ये टेकडी; प्रथिन जितकं जास्त तितकी टेकडी उंच. मोठी टेकडी काय, कुणालाही दिसते, पण ती दिसेपर्यंत बाईला स्वतःलाच गाठ लागलेली असते. सगळी हुशारी बारकी टेकडी ओळखण्यात आहे.

आता सपाट म्हणजे किती सपाट? निरोगी बाईच्या रक्तातही ते प्रथिन चिमूटभर असतंच. म्हणून आधी निरोगी रक्त पट्टीवर घालायचं, जे दिसेल ते शून्य धरायचं आणि पुढच्या प्रत्येक रेघेतून तेवढं वजा करायचं. थोरलीच्या पट्टीचं शून्य म्हणजे थोरली स्वतः. काम सुरू झालं तेव्हा ओळखीपाळखीच्या बायकांचं रक्त घेऊन पाहिलं, त्यात सगळ्यांत कमी प्रथिन तिच्या रक्तात निघालं. तेव्हापासून दर महिन्याला ती तळमजल्यावरच्या नर्ससमोर बाही वर करून बसायची. शिळं रक्त सोन्याला चालत नाही, हा तिचा सिद्धांत. रोज ताजं देणं जमत नाही म्हणून महिन्यावर भागवायचं. पाहुणे आले की सर सांगायचे, "आमच्या सगळ्या मोजमापाचा उगम या बाईंच्या नसांमध्ये आहे." थोरली तोंडानं "काहीतरीच काय, सर" म्हणायची आणि मनातून बोटभर उंच व्हायची. ते शून्य पुन्हा कुणाशी ताडून पाहावं, असं इतक्या वर्षांत ना तिला सुचलं ना सरांना. सोनाराच्या दुकानात वजनाचं माप कुणी रोज उठून तपासतं का?

पहिलं वर्ष धाकटीनं भांडी धुतली, आणि कबूल करायला हवं, लख्ख धुतली. दुसऱ्या वर्षी तिनं सोन्याच्या ठिपक्यावर सोन्याचेच अतिसूक्ष्म कण बसवून स्वतःची पट्टी केली. शून्यासाठी रक्तपेढीतून पुष्कळ निरोगी बायकांचं रक्त आणलं, प्रत्येकीचं थोडं थोडं सुटं ठेवलं, बाकीचं एकत्र केलं आणि सगळं छोट्या छोट्या कुप्यांत गोठवून ठेवलं. "ताई, सारखा तुमच्या एकटीवर कशाला भार?" असं ती म्हणाली होती. यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, पण ज्याला वाईट वाटून घ्यायचंच असतं त्याला तेवढं पुरतं.

आणि नेमकी त्याच सुमाराला थोरलीची पट्टी मंदावली. बळावलेल्या आजाराचं रक्त ती अजून ओळखायची, पण नुकता कुठं आजार सुरू झालेल्या बायकांच्या रक्तावर तिची रेघ सपाट पडायला लागली. पूर्वी अशा रक्तावर तिची पट्टी डोळे मिटून टेकडी काढायची. थोरलीनं चिकटवायचं रसायन बदललं. पाण्याला नावं ठेवली, वातानुकूलन यंत्राला ठेवली, सोनं पुरवणाऱ्याला तर फोनवर असं काही झापलं की तो पुढं तिचा नंबर दिसला की फोन बायकोकडे द्यायचा. नाचता येईना अंगण वाकडं, हे दुसऱ्यानं म्हणायचं. ज्याचं त्याला अंगण खरोखर वाकडंच दिसतं. इकडे धाकटीच्या पट्टीवर त्याच रक्तातून टेकड्या उगवत होत्या.

अशी दोन वर्षं चालली, आणि त्यात थोरलीला धाकटीचं सगळंच खुपायला लागलं. तिचा हात थेंब सोडताना थरथरत नाही, हे खुपलं. तळमजल्यावरची नर्स तिला पाहून हसते, हे खुपलं. तिनं खिडकीत ठेवलेलं रोपटं जगलं, हेही खुपलं. घरी दोघींची दारं समोरासमोर; सासूबाई राहायच्या थोरलीकडे आणि गुण गायच्या धाकटीचे. "धाकटीच्या पट्टीला म्हणे अगदी बारीक असलं तरी कळतं?" असं त्यांनी एकदा कौतुकानं विचारलं, तेव्हा थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "हो आई," ती म्हणाली, "नसलं तरी कळतं तिला." हे ती नुसतं जळून बोलली होती, पण बोलल्यावर तिला ते फार आवडलं.

अशात सरांनी बातमी आणली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यानं पट्टी वापरून पाहायची तयारी दाखवली होती. तपासणीला येणाऱ्या प्रत्येक बाईचं रक्त आधी पट्टीवर पाहायचं, टेकडी दिसली तर पुढं पाठवायचं, सपाट असेल तर घरी. मात्र पट्टी एकच घेणार होते. "दोन्ही एकाच रक्तावर चालवून बघू," सर म्हणाले, "जी सरस ती जाईल." थोरलीच्या दहा-बारा वर्षांची परीक्षा कालच्या पोरीबरोबर! त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सगळी प्रयोगशाळा टेबलाभोवती जमली. आजाराचं निदान आधीच झालेल्या बायकांचं रक्त एकेक करून दोन्ही पट्ट्यांवर गेलं. मोठ्या आजारावर दोघींच्या टेकड्या आल्या. सुरुवातीच्या आजारावर धाकटीची टेकडी, थोरलीची सपाट. पुन्हा धाकटीची टेकडी, पुन्हा थोरलीची सपाट. सर हनुवटी खाजवायला लागले, आणि सर हनुवटी खाजवायला लागले की निकाल लागलेला असतो हे थोरलीला माहीत होतं. धाकटी विजयानं हसली असती तरी चाललं असतं, पण ती मान खाली घालून, थोरलीकडे न बघता पट्ट्या बदलत होती. कीव करते की काय ही माझी, असं मनात येऊन थोरलीचे कान तापले.

"आता एकच राहिलं," सर म्हणाले. "निरोगी रक्तावर पट्टी गप्प बसते का, हेही पाहू. उगाच ओरडणारी पट्टी नको. धडधाकट बायका धसक्यानं आजारी पडतील. आणि निरोगी म्हटलं की आपल्या बाई आहेतच!"

थोरलीनं सकाळीच काढलेल्या रक्ताची कुपी पुढं केली. तिच्या पट्टीवर रेघ सपाट, तळ्याच्या पाण्यासारखी. धाकटीच्या पट्टीवर रेघ चालली, चालली आणि मध्येच उचलली गेली. बारकीशी, पण कुणीही बोट ठेवावं अशी टेकडी.

थोरली खदखदून हसली. "म्हणजे मला कॅन्सर!" ती म्हणाली. "ऐकलंत का सर? माझ्या सख्ख्या जावेनं मला भरल्या सभेत कॅन्सर काढला!"

सगळे हसले. सरांना तर चहाचा ठसका लागला. धाकटीनं नवी पट्टी घेतली आणि पुन्हा थेंब सोडला. तीच टेकडी. आणखी एक नवी पट्टी, तीच टेकडी. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. थोरलीला तो हरलेला चेहरा वाटला, आणि खरं सांगायचं तर गेल्या दोन वर्षांत इतकी गोड गोष्ट तिनं पाहिली नव्हती. "हं," सर म्हणाले, "तल्लख आहे, पण भित्री आहे. चांगल्या रक्तावर ओरडते. आठवडाभरात ठरवू." म्हणजे निकाल फिरला होता.

हात धुवायच्या बेसिनपाशी धाकटीनं तिला गाठलं.

"ताई, एकदा तपासून घ्याल?"

"काय तपासून घेऊ? तुझी पट्टी?"

"तुम्हाला." धाकटीचा आवाज खाली गेला होता. "माझी पट्टी चुकली असेल तर चुकू दे. पण तीनदा एकच दाखवलं हो तिनं. आणि तुमच्या पट्टीवर सपाट येणारच ना, ताई, तुमच्या पट्टीचं शून्य तर…"

"माझ्या शून्याला हात लावायचा नाही!" थोरली ओरडली. आतल्या खोलीतलं कुणीतरी डोकावून गेलं. तशी तिनं आवाज दाबला, पण शब्द दाबले नाहीत. "तुझी पट्टी हरली म्हणून मी आजारी पडू काय? तुझी हौस मी ओळखून आहे. उद्या म्हणशील, ताई, तेवढ्या मरा, म्हणजे माझी पट्टी खरी ठरेल."

धाकटी नळ सुरू ठेवूनच उभी राहिली. तिनं उलट एक शब्द काढला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. पण नाही काढला. शहाणी ना मोठी.

त्या दिवशी घरी जेवताना थोरलीनं सगळा किस्सा रंगवून सांगितला. धाकटीचा चेहरा कसा झाला त्याची नक्कलही केली. नवरा हसला, मग घास हातात धरून म्हणाला, "पण जाऊन ये की एकदा. तपासायला तुझं काय जातं?"

"काय जातं? माझी पट्टी जाते!" थोरली म्हणाली. "मी दवाखान्याची पायरी चढले की सगळी प्रयोगशाळा म्हणणार, बघा, बाईंचा स्वतःच्या पट्टीवरच विश्वास नाही. मग दवाखानेवाले कशाला ठेवतील?"

सासूबाईंनी ताट पुढं सारलं. "तू जाऊन ये, बाई."

"तुम्ही तिच्याच बाजूच्या, आई."

"मी कुणाच्या बाजूची नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "मला दोन सुना आहेत. दोनच राहू देत, एवढंच."

थोरलीनं ताटं गोळा केली आणि सिंकमध्ये आपटली. भीती तिला वाटलीच नाही असं नाही. सकाळी अंघोळ करताना वाटली. स्वतःच स्वतःची तपासणी कशी करावी, बोटं कशी फिरवावीत, काखेपर्यंत कसं चाचपावं, हे ती बायकांच्या मेळाव्यांमधून किती वेळा हातवारे करून सांगून आली होती. पण त्या दिवसांत तिनं साबण लावतानाही हात तिथं थांबू दिला नाही. हात थांबला तर तो धाकटीच्या सांगण्यावरून थांबला असं झालं असतं. भीती दांडगी असते म्हणतात, पण हेव्यापुढं ती गरीब गाय.

दोन-तीन दिवसांनी सर आनंदानं हात चोळत थोरलीच्या टेबलापाशी आले. "तुमच्या जावेनं स्वतःहून पट्टी मागं घेतली. म्हणते, ताईंचीच पाठवा. चला, माझं काम सोपं झालं!"

थोरली तडक धाकटीच्या टेबलापाशी गेली. "कुणी सांगितलं होतं तुला मागं घ्यायला?"

"कुणी नाही." धाकटीनं हातमोजे काढले. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "आता तुमचीच पट्टी जाणार. नक्की झालं. मग आता तपासून यायला काही हरकत नाही ना, ताई? कुणाला कळणारसुद्धा नाही. मी पाठीमागून येईन, बाहेरच बसेन."

थोरलीला तोंडात मारल्यासारखं झालं. जिंकलेलं गोड लागतं. कुणी उचलून हातात ठेवलेलं घशाखाली उतरत नाही. पट्टीत हिनं मागं टाकलंच होतं, आता चांगुलपणातही हिनंच नंबर काढला. आपण तिच्या जागी असतो तर पट्टी मागं घेतली असती का? नसती घेतली. मेले तरी नसती घेतली. हे तिचं तिलाच स्वच्छ कळलं आणि धाकटीचा जितका राग आजवर आला नव्हता तितका आला.

"मला भीक नको," ती म्हणाली. "तुझी पट्टी खोटी आहे, हे मी सिद्ध करून दाखवते. मग घे मागं."

खोट कुठं असणार, हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. त्या गोठवलेल्या शिळ्या रक्तात. शून्यच नासकं असेल तर पुढचं सगळं नासकंच येणार. म्हणून तिनं सोपा बेत केला. धाकटीचं शिळं शून्य आपल्या उत्तम पट्टीवर घालायचं. आपलीही पट्टी भलतंच काहीतरी बरळायला लागेल. ते सरांना दाखवायचं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला ती अशी बाह्या सरसावून बसली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. थोरलीनं फ्रीझरमधून धाकटीची एक कुपी काढली, हाताच्या उबेवर वितळवली आणि त्या सगळ्या अनोळखी बायकांचं एकत्र रक्त आपल्या पट्टीवर शून्य म्हणून धरलं. मग परीक्षेच्या दिवशीचं उरलेलं रक्त घेतलं. सुरुवातीचा आजार असलेली बाई, जिच्यावर तिची पट्टी सपाट पडली होती. थेंब, धुणं, वीज.

टेकडी.

दुसरं रक्त घेतलं. टेकडी. तिसरं. टेकडी, आणि कशी, धाकटीच्या टेकडीहून चांगली उंच! बरळणं बिरळणं काही नाही. ज्या ज्या बाईला आजार होता तिच्या तिच्यावर टेकडी, आणि रक्तपेढीतल्या निरोगी बायकांच्या सुट्या कुप्यांवर स्वच्छ सपाट. थोरली खुर्चीतून उठून उभी राहिली. तिची पट्टी ठीक होती! सोनं ठीक, रसायन ठीक, पाणी ठीक, सोनंवाला बिचारा फुकट शिव्या खाऊन बसला होता. दोन वर्षं जे पोटात जळत होतं ते एका क्षणात विझलं. ती मोठ्यानं हसली. धाकटीला आत्ताच्या आत्ता हाक मारून इथं उभी करावी आणि म्हणावं, बघ, डोळे उघडून बघ, कुणाची टेकडी उंच आहे ते. ती दारापर्यंत गेलीसुद्धा.

दारापाशी तिच्या डोक्यात एक साधी शंका आली. पट्टी तीच, रसायन तेच, रक्तही तेच. मग बदललं काय?

बदललं एवढंच होतं, की तिनं त्यातून स्वतःला काढलं होतं.

ती परत आली आणि बसली. स्वतःच्या रक्ताची कुपी समोरच होती. आता ती घ्यायची काही गरज नव्हती, आजवर इतक्या रेघा वाचलेल्या बाईला पुढची रेघ न काढताही दिसत होती. तरी तिनं थेंब सोडला, कारण रेघ काढल्याशिवाय बोलायचं नाही, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात थरथरला.

टेकडी आली. लहान, रेखीव, नेमकी ज्या टेकडीसाठी तिनं ही पट्टी करायला घेतली होती तशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. जगभरच्या बायकांच्या रक्तात ती जे शोधत होती ते दोन वर्षं तिच्याच रक्तात हळूहळू वाढत होतं. दर महिन्याला ती बाही वर करून ते काढून देत होती, त्याला शून्य म्हणत होती आणि प्रत्येक आजारी बाईच्या रेघेतून तेवढं वजा करत होती. म्हणून रेघा सपाट पडत होत्या. बरं तर बरं, त्या सगळ्या बायकांवर आधीच उपचार सुरू होते. पण पुढच्या महिन्यात हीच पट्टी, हेच शून्य घेऊन दवाखान्यात गेली असती. नुकती कुठं गाठ धरलेल्या बायका आल्या असत्या, त्यांच्या रेघा सपाट निघाल्या असत्या, आणि थोरलीच्या पट्टीनं त्यांना सांगितलं असतं, काही नाही हो, जा घरी. आणि आपली पट्टी दवाखान्यात लागली म्हणून ती मनातून खूश झाली असती.

धाकटी डबा हातात घेऊन आत आली तेव्हा थोरली पडद्याकडे बघत बसली होती.

"माझ्या पट्टीत काही खोट नाही," थोरली म्हणाली. आधी हेच म्हणाली. मग म्हणाली, "खोट माझ्यात आहे."

धाकटीनं पडद्याकडे पाहिलं, वितळलेल्या कुपीकडे पाहिलं. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही. डबा टेबलावर ठेवून तिनं थोरलीची पर्स उचलली. "चला."

"आत्ता? सुट्टीचा अर्ज, सर…"

"आत्ता, ताई. उठा."

धाकटीनं तिला हुकूम द्यायची ही पहिलीच वेळ, आणि थोरली उठली.

पुढं त्याच मोठ्या दवाखान्यात छातीची क्ष-किरण छायाचित्रं निघाली, सोनोग्राफी झाली, सुई घालून तुकडा काढला, आणि निकालाची वाट पाहण्यात काही दिवस गेले. त्या दिवसांत सासूबाई दोन्ही घरांच्या दारांमधून येरझाऱ्या घालायच्या आणि दोन्ही सुनांवर सारख्याच खेकसायच्या. निकालाच्या दिवशी नवरा गाडी लावायला जागा शोधत राहिला, म्हणून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत या दोघीच जाऊन बसल्या.

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अगदी लहान आहे. नुसती गाठ काढली की भागेल असं दिसतंय, पुढं थोडे उपचार. इतक्या लवकर फार कमी बायका येतात माझ्याकडे. हाताला तर लागत नव्हतीच. मग तुम्ही आलात कशावरून?" त्यांनी लिहायला पेन उचललं.

"ताईंच्या पट्टीवरून," धाकटी म्हणाली. "या स्वतः बनवतात. त्यात दिसलं."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. तसं ते खोटंही नव्हतं. तिच्या पट्टीवर दिसलं होतंच, आणि हिच्याहून उंच दिसलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. दवाखान्याच्या कागदावर तिच्या पट्टीचं नाव लागलं असतं, याच दवाखान्याच्या, आणि हिनं आपणहून दिलेलं नाकारायला थोरली काही साधू नव्हती. डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या.

"नाही," थोरली म्हणाली. दाढ उपटताना होतं तसं काहीतरी तिच्या जबड्यात झालं. "हिच्या पट्टीवरून. तीनदा सांगितलं तिनं, मी ऐकलं नाही. माझी पट्टी मागून बोलली. हिचं लिहा."

आजार आहे हे ऐकताना न रडलेली धाकटी आता रडायला लागली. थोरलीला तेही सहन झालं नाही. आजार हिला झालाय की मला? "पुरे," ती करवादली. "सरांना सांग, तुझीच पट्टी पाठवा. मी पण सांगणार आहे. पण म्हणून हुरळून जाऊ नकोस. माझ्या पट्टीवर टेकडी तुझ्याहून उंच येते, मी पाहिलीय. शून्य नीट बसवते आणि पुढच्या वर्षी तुला अशी मागं टाकते की…"

पुढच्या वर्षी म्हटलं आणि ती थांबली. इतके दिवस हेव्यानं डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच ठेवली नव्हती, त्यामुळे हा साधा प्रश्न तिला आत्ता सुचत होता. ती डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"पुढच्या वर्षी असेन ना मी?"

"असाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याच्या पुढंही असाल, असंच दिसतंय."

थोरलीनं टेबलाखालून हात पुढं केला आणि धाकटीचा हात घट्ट धरला. तो आपल्यापेक्षा तरुण आहे आणि अजिबात थरथरत नाही, हेही तिच्या ध्यानात आलंच.